पंधरा वह्यांची साक्ष

१

सकाळी सव्वासातला लाँड्रीतला तीन नंबरचा धुण्याचा ड्रम पाणी सोडेनासा झाला. ड्रमवाल्याने त्याला एक लाथ घातली, एक शिवी हासडली, तरी ढिम्म. शेवटी वैतागून दार उघडलं, तर पाण्याबरोबर कागदाचा लगदा भसकन बाहेर आला. आत हॉस्पिटलच्या चाळीस चादरी, आणि एकूण एक चादरीवर कपटेच कपटे. खिशात विसरलेल्या चिठ्ठीने इतकं होत नाही. अख्खा गठ्ठा धुऊन निघाला होता.

“काकूंना बोलवा!” ड्रमवाला ओरडला. चिडून नव्हे, तो एरवीही तसाच बोलायचा. अठरा वर्षं त्या धडधडीत काढल्यावर त्याला सगळं जगच बहिरं वाटायला लागलं होतं.

लाँड्रीत कुठेही काही डागाळलं की डागकाकूंना हाक जायची. सत्तावीस वर्षं त्या मळक्या कपड्यांच्या टेबलाशी उभ्या होत्या. एखादा डाग नखाने खरवडायचा, नाकाशी धरायचा आणि सांगून टाकायचं, हा चहा, हा आयोडीन, हा गंज. माणसांबद्दलही त्यांची मतं तशीच झटपट तयार व्हायची आणि सहसा धुतली जायची नाहीत.

काकू आल्या. त्यांनी एक कपटा नखावर घेतला, खिडकीकडे धरला. पेन्सिलीची अक्षरं होती. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. शी वर्क, एवढं वाचता आलं. दुसऱ्यावर होतं, दे गो.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “आपले पेपर आहेत रे हे.”

आता हे पेपर कसले, ते सांगायला हवं. लाँड्री विकली गेली होती. नव्या कंपनीचे हुकूम येणार इंग्रजीत, नव्या मशीनच्या पडद्यावर सूचना इंग्रजीत, तेव्हा जो इंग्रजीच्या परीक्षेत पास होईल तो राहील, नापास होईल तो घरी. कंपनीने एक मास्तरही पाठवले. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या खोलीत पंधरा कामगारांचा वर्ग भरायचा. भिंतीवर मास्तरांचा तक्ता. डावीकडे आय, यू, वी, दे. ही मंडळी साधी, त्यांच्यापुढे क्रियापद जसंच्या तसं. उजवीकडे ही, शी, इट. यांचे नखरे फार, यांच्यापुढे क्रियापदाला स-चं शेपूट. आय वर्क, शी वर्क्स.

“एकट्या बाईला शेपूट आणि चार जणांना नाही, हा कुठला न्याय?” असं काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मास्तर हसले होते. पण तीन महिने झाले तरी काकूंच्या ‘शी’ला काही शेपूट फुटलं नाही. आपण नापास होणार हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. त्यांचा सगळा जीव अडकला होता सुनेत. सून त्याच लाँड्रीत घड्या घालायची आणि वर्गात पहिली होती. मुलाच्या पाठीचं हाड मोडल्यापासून तो अंथरुणाला खिळलेला; घरात दोन नातवंडं. सुनेची नोकरी राहिली तर घर राहणार होतं, इतकं सरळ होतं ते.

आणि काल दुपारी दिलेली परीक्षा आज ड्रममधून चिंध्या होऊन निघाली होती.

२

नवे साहेब दहाला पेपर न्यायला आले, ते डोक्याला हात लावून बसले. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यांनी सगळ्यांना इस्त्रीच्या खोलीत उभं केलं.

“हे बघा, मला वर रिपोर्ट द्यायचाय. कामगारांपैकी ज्याने केलं त्याचं नाव मिळालं, तर तो एकटा जाईल आणि बाकीच्यांची परत परीक्षा होईल. नाव नाही मिळालं, तर पंधराही जण घरी. चार वाजेपर्यंत थांबतो.”

मग साहेबांची नजर कपाटातल्या वर्गाच्या वह्यांवर गेली. त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“पेपर या ड्रॉवरमध्ये ठेवायचं ठरलं होतं. खोलीला कुलूप कोण लावतं?”

साहेबांनी उत्तराची वाटही पाहिली नाही.

“तुम्ही कशाला सांगताय? लिहूनच ठेवलंय की.” साहेबांनी वही उंच धरली. “ही लॉक्स द रूम. ही कीप्स द की. या वहीतही तेच, या वहीतही तेच. आणि ही वही कुणाची? आय लॉक द रूम. आय कीप द की.”

ती वही गेटदादांची होती. बावीस वर्षं गेटवर बसलेला म्हातारा माणूस. त्यांना आपल्याविषयी काय चाललंय ते नीट कळलंही नाही. आपली वही साहेबांनी वाचली म्हणून ते थोडे सुखावलेच होते.

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. “साहेब, अहो, ते वाक्य आहे! खरं नाही ते!”

“म्हणजे?”

“मास्तरांनी लॉक आणि कीप शिकवलं त्या दिवशीचं आहे. दादा दाराशी बसले होते, कमरेला गेटच्या किल्ल्या. मास्तर म्हणाले, दादा तुम्ही म्हणा, आय लॉक. मग आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बोट करून म्हटलं, ही लॉक्स. म्हटलं तसंच लिहिलं. या खोलीचं कुलूप दोन वर्षांपूर्वी तुटलंय. चादरीची चिंधी बांधतो आम्ही कडीला. बघा तरी!”

साहेबांनी कडी पाहिली. चिंधी पाहिली. “चिंधी काय, आज सकाळीही बांधता येते. मला शिकवू नका, काकू. हे काल-परवाचं वाक्य नाही, रोजच्या सवयीचं आहे. ही लॉक्स, म्हणजे रोज लावतो. पंधरा जणांनी आपापल्या हाताने लिहिलंय. तुम्ही खोटं का लिहाल?”

“मास्तरांनी सांगितलं म्हणून.”

“म्हणजे मास्तरांनी सांगितलं की तुम्ही खोटं लिहिता?”

साहेबांनी गठ्ठ्यातली आणखी एक वही काढली आणि काकूंपुढे धरली. वेडंवाकडं अक्षर, लॉकला शेपूट नाही, पण मजकूर तोच. वही काकूंचीच होती.

“दुसरं नाव असेल तर चारच्या आत आणा,” साहेब म्हणाले. “नाहीतर मी हेच लिहिणार.”

३

काकूंनी टेबल सोडलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मळक्या कपड्यांचा ढीग तसाच पडून राहिला.

आधी ड्रमवाला.

“मी?” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की चार जणांनी वळून पाहिलं. “मी कशाला माझाच ड्रम तुंबवीन, काकू? सहाच्या भोंग्याला मी ड्रम भरतो, दार नुसतं लोटतो आणि घरी जातो. सकाळी सातला बटण. काल भरला तेव्हा आत नुसत्या चादरी होत्या, आईशप्पथ!”

“आणि ब्लीच कधी टाकलंस?”

“टाकलंच नाही! गरम पाणी न् पावडर, तेवढ्यातच तुंबला मेला.”

म्हणजे पेपर सहाच्या नंतर पडले. काकूंनी ते मनात ठेवलं आणि इस्त्रीवाल्या वहिनींना गाठलं. वहिनींची जीभ त्यांच्या इस्त्रीपेक्षा गरम. आपण नापास झालो तर त्या पेपरांवरून इस्त्री फिरवीन आणि कोळसा करीन, असं त्यांनी परवाच सगळ्यांदेखत म्हटलं होतं.

“म्हटलं होतं, मग?” वहिनी फणकारल्या. “बोलणारी बाई कधी करते का काही? तुम्हीच सांगा. मी भोंगा झाला तशी निघाले, तुमच्या सुनेबरोबर, विचारा तिला. खोलीत मास्तर होते. समोर पेपरांचा गठ्ठा, आणि हे आपले खिडकीबाहेर बघत बसलेले. मी दोनदा विचारलं, मास्तर, माझे किती? तर म्हणाले, उद्या. एवढंच. चेहरा असा, जसं घरात कुणीतरी गेलंय.”

गेटदादांना तर कुणी काही विचारलंच नव्हतं. वह्या होत्या, माणसाची गरज काय! काकूंनी त्यांना विचारलं, काल शेवटी कोण गेलं. दादांनी बोटं मोजली. “तुम्ही सगळे सहाला. ड्रमवाला तुमच्या मागोमाग. मास्तर सव्वासहाला. जाताना माझ्याशी बोलले नाहीत, एरवी गुड इव्हनिंग म्हणतात. काकू, साहेब माझी वही घेऊन का गेले हो? चूक होती का काही?”

“नाही दादा,” काकू म्हणाल्या. “एकही चूक नव्हती.”

सहा ते सव्वासहा. आवारात दोनच माणसं, दादा आणि मास्तर.

मास्तर अकराला आले. बातमी त्यांना गेटवरच कळली असावी, कारण आले तेच खाली मान घालून. काकूंनी विचारलं तसं पाठ केल्यासारखं सांगितलं, “पंधराही पेपर तपासून झाले होते. लाल शाईने मार्क दिले, गठ्ठा बांधला, साडेपाचला ड्रॉवरमध्ये ठेवला. नंतर कुणी काढला, देव जाणे.”

काकू त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होत्या. खिशाखाली फिकट गुलाबी ठिपका होता. मागच्या महिन्यात मास्तरांचं लाल पेन खिशात फुटलं होतं, आणि तो डाग काकूंनीच काढून दिला होता. अगदी पूर्ण गेला नव्हता.

त्या टेबलाशी परतल्या. चाळीस चादरी वाळायला टाकल्या होत्या. आपल्याला काहीतरी खुपतंय, पण काय ते त्यांना कळेना. त्यांनी एकेक चादर उलटून पाहिली, पालटून पाहिली. पांढऱ्यावर पांढरे कपटे, दुसरं काही नाही. तीन वाजत आले, आणि काकू दोरीखाली उभ्या राहिल्या त्या हलेचनात. जो डाग असायलाच हवा होता, तो कुठेच नव्हता.

४

इस्त्रीच्या खोलीत मास्तर एकटेच होते. काकूंनी दार लोटलं. हातात पांढरी चिंधी आणि वाफाळतं पाणी भरलेला मग.

“मास्तर, तुमचं लाल पेन द्या जरा.”

मास्तरांनी दिलं. काकूंनी चिंधीवर तीन रेघा ओढल्या, फुंकून वाळवल्या आणि चिंधी मगात बुडवली. बघता बघता पाणी गुलाबी झालं. चिंधीही गुलाबी झाली, कडेपर्यंत.

“तुमचा शर्ट देताना मी काय म्हटलं होतं? मास्तर, या शाईला गरम पाणी दाखवू नका, चार कपड्यांची वाट लावील. पंधरा पेपर, प्रत्येकावर खुणा, मार्क, सही. ते गरम पाण्यात चाळीस चादरींबरोबर फिरले. ब्लीच पडलंच नव्हतं. चादरी गुलाबी व्हायला नकोत? एक ठिपका नाही, मास्तर. मी एकूण एक पाहिली.”

मास्तर मगाकडे बघत राहिले.

“पेपर तपासलेच नव्हते. साडेपाचला ड्रॉवरमध्येही गेले नव्हते, सहाला वहिनींनी गठ्ठा तुमच्यासमोर पाहिला. तपासले म्हणून खोटं कोण सांगतंय? तुम्ही. दादांनी ड्रॉवरमधून चोरले असते, तर तपासलेले चोरले असते. सव्वासहाला तुम्ही गेलात, तेव्हा पेपर ड्रममध्ये होते. का केलंत हो असं?”

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

“काल परीक्षा झाल्यावर साहेबांचा फोन आला,” ते म्हणाले. “जागा तीनच आहेत. तिघांना पास करा, बारा जणांना नापास करा, म्हणाले. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, आधी सांगितलं असतं तर शिकले असते का?”

काकूंनी हातातली चिंधी बाकावर ठेवली.

“पहिला पेपर घेतला, सगळा बरोबर. दुसरा घेतला, तोही बरोबर. आय वर्क, शी वर्क्स, दे वर्क. पंधराही पेपर सारखे, काकू. तीन महिने मीच घोकून घेतलं होतं ना तुमच्याकडून. पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. कुणाला खोडू? बरोबर वाक्य चूक म्हणून कसं खोडू?” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “तुमचाही बरोबर होता. तुमच्या ‘शी’ला शेपूट होतं.”

काकूंना एकदम हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. पास झाल्या होत्या त्या! चोपन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी परीक्षेत पास झाल्या होत्या, आणि तो कागद त्यांनीच सकाळी नखाने खरवडून काढला होता.

“मला वाटलं, पेपरच नसतील तर कुणालाच काढता येणार नाही,” मास्तर म्हणाले. “पुन्हा परीक्षा घेतील, महिनाभर तरी वेळ मिळेल. एकाचं नाव मागतील असं कुठे वाटलं होतं मला?”

“मग सकाळपासून गप्प का बसलात? दादांवर आळ येतोय, दिसत नव्हतं?”

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. भित्रा माणूस होता. काकूंना त्याचा राग आला, दयाही आली, आणि त्या दोन्हींसाठी आता वेळ नव्हता. त्यांनी चिंधी उचलली. “चला. साहेबांपुढे तुम्हीच सांगायचं.”

५

मास्तरांनी सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. चिंधी पाहिली, मान डोलावली.

“हुशार आहात, काकू. खरंच.” मग ते मास्तरांकडे वळले. “तुम्ही घरी जा. उद्यापासून येऊ नका, आणि यातलं कुठे बोलू नका.”

मास्तर दाराशी घुटमळले. काकूंना वाटलं, आता तरी हा माणूस ताठ उभा राहील. पण मास्तर गेले.

“झालं तर मग,” काकू म्हणाल्या. “नाव मिळालं तुम्हाला.”

“मला कामगाराचं नाव हवंय. मास्तर कामगार नाहीत. त्यांना आणलं कुणी? मी. तीन जागांचा फोन कुणी केला? मी. हे वर लिहिलं तर पहिला मी घरी जाईन, आणि माझ्यामागे तुम्ही पंधराही.” साहेब आवाज चढवत नव्हते, हेच जास्त वाईट होतं. त्यांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद पुढे सरकवला. “हे तयार आहे. पंधरा वह्या जोडल्यात. दादांना जाणणाऱ्या कुणाचीतरी सही हवी. तुम्ही सही करा. दादांचं तसंही वय झालंय. पुन्हा परीक्षा घेऊ, आणि तीन जणांत पहिलं नाव तुमच्या सुनेचं. शब्द देतो.”

“माझा हात नाही चालायचा,” काकू म्हणाल्या.

“मग पंधराही घरी. बाहेर जाऊन तुम्हीच सांगा त्यांना.”

साहेबांच्या खोलीच्या काचेपलीकडे सगळे उभे होते. ड्रमवाला, वहिनी, बाकीचे. बारा जणांचं तर जाणं ठरलेलंच होतं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. परत परीक्षा होणार का, एवढंच ते एकमेकांना विचारत होते.

दार ढकलून सून आत आली. बाहेर तिने थोडंफार ऐकलं असणार, कारण तिने कुणाला काही विचारलं नाही. कागद उचलला आणि ओळीवर बोट ठेवून वाचला. ही लॉक्स द रूम. ही कीप्स द की. ही टेक्स द पेपर्स.

“काय लिहिलंय गं?” काकूंनी विचारलं, समजलं होतं तरी.

“सगळं बरोबर लिहिलंय, आई. एक चूक नाही.”

“अगं, पण दादांनी काही केलेलं नाही. मास्तरांनी केलं. मी शोधून काढलंय.”

“कळलं मला.” सुनेने कागद टेबलावर ठेवला. “घरी त्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात, आई. पोरं अजून इतकीशी आहेत. मी काय करू, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते करते.”

काकूंनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षं त्यांनी कुठल्याही डागाला दुसऱ्या डागाचं नाव दिलं नव्हतं. दादा निर्दोष आहेत, सही करू नकोस, एवढे पाच-सहा शब्द होते. ते ओठांपर्यंत आले. त्यांना अंथरुणावरचा मुलगा दिसला, आणि शब्द तिथेच राहिले.

सुनेने थोडा वेळ वाट पाहिली. मग पेन घेतलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागला, तसा काकूंनी त्यावर तळहात ठेवला. सही होईपर्यंत ठेवला.

गेटशी दादा उभे होते. त्यांनी दोघींसाठी गेट उघडलं.

“काकू, सापडलं का हो कोण ते?”

काकू थांबल्या. सुनेने त्यांचा दंड घट्ट धरला.

“सापडलं, दादा,” काकू म्हणाल्या.

“सुटलो बुवा!” दादांनी छातीवरून हात फिरवला. “दिवसभर जिवाला घोर होता. उगाच पंधरा जणांवर आळ. गरीब बिचारे, कुणाकुणाची पोटं आहेत यावर.” आणि दोघी बाहेर पडेपर्यंत ते गेट धरून उभे राहिले.